‘हस्ते’चा रकाना

तायडे काकांना पावती फाडताना एकदा पाहिलं की विसरता येत नसे. डाव्या हातात पुस्तक, त्यावर अंगठा घट्ट, आणि उजव्या हाताचा एकच झटका. कड कधी तिरकी गेली नाही. काका आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर बार्शीटाकळीला आमच्या वस्तीत त्यांनी मुलींसाठी अभ्यासिका काढली आणि तिकिटांऐवजी देणगीच्या पावत्या फाडू लागले.

मी आठेक वर्षांची असेन. देणगी मागायला काका घरी आले. बाबांनी नोट पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतला. “पोरीच्या हातानं द्या ना भाऊ. देनं काय असते, तिले पन समजू द्या.” नोट मी दिली. पावतीवर ‘यांजकडून’पुढे बाबांचं नाव होतं, आणि खाली ‘हस्ते’पुढे काकांनी सावकाश लिहिलं, कु. प्रज्ञा. शाळेच्या हजेरीबाहेर माझं नाव कुणी लिहावं, याचं मला कोण कौतुक! ती पावती कितीतरी दिवस कंपासपेटीत होती.

काकांनी ऐंशी ओलांडली तेव्हा त्यांचे गुडघे गेले. वस्तीतली शिकलेली मुलंही नोकऱ्यांपायी पुण्या-हैदराबादला गेलेली. देणगी मागायला जायचं तरी कुणाच्या दारी? अभ्यासिकेला कुलूप लागायची वेळ आली. मी अकोल्याला कॉलेजात शिकवते. एका रविवारी लॅपटॉप घेऊन गेले आणि ऑनलाइन देणगीचे मार्ग त्यांच्यापुढे मांडले.

एक कंपनी वेबसाइटवर देणगीचं बटण लावून देणार होती, पण दर देणगीतून थोडं कापून घेणार होती. “म्हंजे मधातला मानूस खाईन काय? नाई जमत.” मग म्हटलं, तुमच्या मोबाइल नंबरवरच घेऊ, सोपं पडेल. ते ताडकन म्हणाले, “संस्थेचा पैसा माह्या खिशातून काहून जाईन वो?” शेवटी संस्थेच्या बँकखात्याचा क्यूआर कोड ठरला. त्यात कुणी काही कापणार नव्हतं.

तेवढ्यात त्यांनी चष्मा वर सरकवून स्क्रीनवरचा त्या कंपनीचा फॉर्म न्याहाळला. “नाव, मोबाइल, पॅन, सारं इचारून राहिलं हे. अन् ‘हस्ते’चा रकाना कुठी हाय?”

मी हसले. “काका, यात कुणाचा हातच लागत नाही.”

“मंग बटन काय पायानं दाबतेत?”

क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर फिरला आणि लांबलांबून देणग्या येऊ लागल्या. अभ्यासिका तरली. मी स्वतःवर खूश होते. मग एकेकाचे फोन यायला लागले, “अगं, काकांनी फोन करून विचारलं, बटन कोनं दाबलं?” देणगी आली की काका त्या घरी फोन लावायचे, सगळ्यांची ख्यालीखुशाली घ्यायचे आणि ज्यानं बटण दाबलं त्याचं नाव ‘हस्ते’पुढे लिहून पावतीचा फोटो पाठवायचे. पुढे पुढे लोक मुद्दाम पोरांना बोलावून बटण दाबायला लावू लागले. मला मात्र अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा म्हटलंच, “काका, लोक कामात असतात हो.”

“असू दे ना. आपन अर्धी पावती कोनाले देत नाई.”

मागच्या वर्षी मीही क्यूआरवरून देणगी पाठवली. दुसऱ्या दिवशी स्टाफ मीटिंगमध्ये काकांचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला आणि ‘नंतर करते’ असा मेसेज टाकला. मग परीक्षा, पेपर, घर. खरं सांगायचं तर विसरले. काका काय विचारणार हे ठाऊकच होतं, म्हणून विसरले.

आठ-दहा दिवसांनी काका गेले.

अभ्यासिकेची व्यवस्था पाहणाऱ्या सुजाताबाईंनी पावतीपुस्तक माझ्या हाती दिलं. आधीच्या साऱ्या पावत्या नीट फाटलेल्या. शेवटची तेवढी पुस्तकातच होती. ‘यांजकडून’पुढे माझं नाव. आकडा, अक्षरी, तारीख, सही, सगळं भरलेलं. ‘हस्ते’पुढे कोरं.

सुजाताबाई म्हणाल्या, “तुमीच भरून घ्या ना मॅडम, पेन देऊ काय?” मी नको म्हटलं. मला त्यांचंच अक्षर हवं आहे, अजूनही. फोन वाजला आणि अनोळखी नंबर असला, तरी आता मी तो उचलते.

काका, बटण आमच्या सांचीनं दाबलं होतं. पहिलीत आहे ती. मी फक्त तिचं बोट धरलं होतं.