पेज निळी पडली तेव्हा

"मॅडम, औषध निळं पडलं. पोरीले देऊ का नको देऊ?"

मंगळवारी सकाळी साडेनऊला खापरखेड्याहून मिलिंदचा फोन आला. मी विभागात नुकतीच पोचले होते. ॲप्रनचं एकच बटण लावून झालं होतं.

"कशात निळं पडलं?"

"पेजेत. आईनं भाताची पेज केली होती. त्यात थेंब टाकले, तं सारी पेज शाईवानी झाली. आई म्हणते हे जहर हाये."

मागून त्याच्या आईचा आवाज स्पष्ट येत होता. "सांग त्या बाईले, आम्ही उद्या येत नाई म्हना!"

मी खुर्चीत बसले. उद्या न येणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

मी नागपुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्नॉलॉजिस्ट आहे. एक्स-रेमध्ये मशीन किरण सोडतं आणि फोटो निघतो. आमच्याकडे उलटं असतं. पेशंटला अगदी थोडं किरणोत्सारी औषध टोचतात, ते शरीरात ठरलेल्या जागी जाऊन बसतं आणि तिथून निघणारे किरण आमचा कॅमेरा टिपतो. मिलिंदची मुलगी सांची पाच वर्षांची. तिला पोटात, मूत्रपिंडाच्या वर, गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि पुन्हा बोटभर आले. आता शरीरात कुठे काही उरलंय का, हे आमच्या स्कॅनवर ठरणार होतं. उरलं असेल तर पुन्हा केमो. नसेल तर शाळा.

या स्कॅनचं औषध मुंबईहून विमानाने येतं. सांचीच्या नावाने ते मागवलेलं होतं आणि बुधवारी सकाळी पोचणार होतं. ते साठवून ठेवता येत नाही, दिवसागणिक त्याचा जोर कमी होतो. बुधवार हुकला तर पुढची खेप कधी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

त्या औषधात किरणोत्सारी आयोडीन असतं. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीनची भुकेली. साधं कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं, हे तिला कळत नाही. समोर येईल ते उचलते. म्हणून इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासून पेशंटला साधं आयोडीन थेंबाथेंबाने पाजतात. पंगत आधीच भरली की उशिरा आलेल्याला पान मिळत नाही, तसं. मुलांची ग्रंथी फार नाजूक. त्यामुळे आमचे विभागप्रमुख देशकर सर याबाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. गळा असा आधी बंद केला नसेल तर इंजेक्शन नाही.

"मिलिंदभाऊ, बाटली फेकली नाही ना?"

"नाई. आईनं कपाटावर चढवून ठेवली. पेज मात्र मोरीत ओतली."

"मग बाटली घ्या, सांचीला घ्या, आईंना घ्या आणि दुपारपर्यंत इकडे या. औषध खराब झालेलं नाही. मी तुमच्यासमोर दाखवते."

फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून आम्ही सगळ्यांनी तो निळा रंग पाहिलाय. पिठूळ पदार्थाला आयोडीन लागलं की तो निळाच पडतो. भाताच्या पेजेत दुसरं काय असतं? सूचनांच्या कागदावर मी थेंब किती, केव्हा आणि किती दिवस, सगळं लिहिलं होतं. 'चव वाईट असते, कशातही मिसळून द्या' असंही लिहिलं होतं. कशातही! आजारी नातीसाठी आजीच्या घरात 'कशातही' म्हणजे पेज, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

एक वाजता तिघं आली, शेजाऱ्याच्या गाडीतून. सांचीची आई घरीच थांबली होती. तिला सातवा महिना होता, आणि गरोदर बाईला आम्ही आमच्या दारातही उभं करत नाही. म्हणून सगळी जबाबदारी आजीवर होती, आणि आजी ती पूर्ण ताकदीने पार पाडत होती. हातात कापडी पिशवी, कडेवर नात, आणि चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा संशय.

"बाई, सांगा आता. चांगली पांढरी पेज निळी काहून झाली?"

मी पँट्रीतून ब्रेडचा तुकडा आणला. त्यावर एक थेंब टाकला. ब्रेड निळा-काळा झाला.

"हा तर ताजा ब्रेड आहे, आजी. यातही तेच होतं. पेज खराब नव्हती आणि औषधही खराब नव्हतं. दोघांचं जमत नाही, एवढंच."

आजींनी ब्रेड हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मंग हे आधी काहून नाई सांगितलं?"

"चूक माझी," मी म्हटलं.

मिलिंद खापरखेड्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला आहे. त्याच्या मनात वेगळीच भीती होती. "मॅडम, आमच्या शिफ्टमधला एक जण म्हणे, अणुभट्टी फुटली तं हेच औषध देतात लोकाईले. मंग आमच्या पोरीले कायले?"

"तो बरोबर सांगतो," मी म्हटलं. "भट्टीत अपघात झाला तर किरणोत्सारी आयोडीन हवेत सुटतं. श्वासातून जातं, गवतावर बसून दुधात उतरतं. तेव्हा सरकार आयोडीनच्या गोळ्या वाटतं. सांचीला आपण थोडंसं टोचणार आहोत, म्हणून तिच्या गळ्यालाही तेच संरक्षण."

"मंग घरी बाटली ठेवूनच द्यावी का?"

"मुळीच नाही. सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही, आधीपासून घ्यायचं नाही, आणि जखमेवर लावायचं टिंक्चर तर कधीच प्यायचं नाही. हे औषध फक्त गळा वाचवतं. बाकी किरणांपासून नाही वाचवत. जास्त झालं तर त्याच गळ्याला त्रास होतो."

मिलिंद समजला. आजी अर्ध्या समजल्या. राहता राहिली सांची. तिने तोंड गच्च मिटून घेतलं होतं.

मी साखरेच्या पाण्यात मोजून थेंब टाकले. पाणी चहासारखं झालं. सांचीने एक घोट घेतला आणि तो जसाच्या तसा माझ्या ॲप्रनवर सोडला. आयोडीनचा डाग किती चिवट असतो ते मला माहीत आहे. तो ॲप्रन मी आता घरी फरशी पुसायला वापरते.

"एवढं काय वाईट आहे त्यात?" असं म्हणून मी बोटाला लागलेला ओलावा जिभेवर टेकवला. गंजलेला खिळा चाटल्यासारखं वाटलं. तेवीस वर्षांत मी कितीतरी पेशंटना हे औषध दिलं होतं. चव पहिल्यांदा कळली.

"सर, चॉकलेट सिरपमध्ये देऊ?" मी केबिनमध्ये जाऊन विचारलं.

"या स्कॅनच्या आधी चॉकलेट चालत नाही. तुम्हीच लिहिलंय ना कागदावर?"

लिहिलं होतं.

परत आले तर आजी पिशवीतून संत्री काढत होत्या. प्रवासात नातीला मळमळलं तर असावीत म्हणून आणलेली. एक सोलून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "बाई, याच्या रसात चालन का? यात तं पीठ नाई."

मी पुन्हा केबिनमध्ये. सर म्हणाले, "चालतं. द्या."

वाटीत रस काढला, गाळला, आणि ग्लासात ओतला. सांचीच्या डोळ्यांसमोर पहिला थेंब टाकला. तपकिरी थेंब रसात उतरला, एक वेटोळं घेतलं आणि नाहीसा झाला. रस होता तसाच नारिंगी.

सांचीने तोंड उघडलं. "कुठं गेला?"

दुसरा थेंब टाकला. तोही गेला.

"गायब!" ती ओरडली. "अजून टाक! अजून!"

पण आजींचा चेहरा उतरला होता. "हे तं अजून वाईट झालं. आधी रंग बदलला, आता औषधच मेलं. रंग गेला म्हणजे गुण गेला ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मीही अडखळले. या वेळी सरच केबिनमधून बाहेर आले. ते आजींसमोर स्टूलवर बसले.

"आई, संत्र्यात व्हिटॅमिन सी असतं. ते आयोडीनचं रूप बदलतं, म्हणून रंग जातो. आयोडीन कुठेही जात नाही, ते ग्लासातच आहे. आणि गळ्याला ते याच रूपात लागतं."

"कशावरून?"

"परवा फोटो निघेल. औषध पोचलं असेल तर त्यात गळ्याच्या जागी काहीच दिसणार नाही. पोचलं नसेल तर तिथे ठिपका चमकेल. तुम्ही स्वतः या आणि पाहा."

"पाहीन," आजी म्हणाल्या. धमकीसारखं.

सांची अजूनही थेंबांसाठी हटून बसली होती. तिचे थेंब तर मोजलेले. मग मी दुसऱ्या वाटीत रस घेतला, ड्रॉपर तिच्या हाती दिला आणि म्हटलं, ही वाटी खेळायची, हा ग्लास प्यायचा. आधी ग्लास. तिने ग्लास एका दमात रिकामा केला. नाक मुरडलं, पण थुंकली नाही. मग खेळायच्या वाटीत दहा-बारा थेंब गायब करून दाखवले. आधी बापाला, मग सरांना, मग आमच्या दारातल्या सिक्युरिटी गार्डला. ती वाटी मी लगेच सिंकमध्ये ओतली. आजी सांचीकडे बघत होत्या आणि हसू दाबत होत्या. "पाहा ना, जादूगारीणच होऊन राहिली पोट्टी!"

संध्याकाळी मिलिंदचा मेसेज आला. रात्रीचे थेंब तिने स्वतः मागून घेतले होते.

बुधवारी मुंबईचं पार्सल वेळेत आलं, इंजेक्शन झालं. गुरुवारी सकाळी सांची कॅमेऱ्याखाली झोपली. हलायचं नाही, असं सांगितल्यावर ती इतकी ताठ राहिली की मला मध्येच सांगावं लागलं, श्वास घे गं बाई.

आजी काचेपलीकडे माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. स्क्रीनवर चित्र हळूहळू भरत गेलं. जबड्याशी लाळेच्या ग्रंथी दिसल्या. हृदय फिकट दिसलं, यकृत ठळक, खाली मूत्राशय. हे सगळं दिसायलाच हवं असतं.

"गळा कुठं हाये?"

मी बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं.

"काहीच नाई?"

"काहीच नाही. थेंब पोचले, आजी."

त्यांनी माझा खांदा दाबला. पण माझी नजर खाली, पोटाकडे होती. जिथे गाठ होती तिथे. सर आले, वाकले, चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. सर अशा वेळी एक शब्द बोलत नाहीत, त्यामुळे आम्ही त्यांच्या मानेकडे बघून अंदाज बांधतो. मान सैल झाली.

"क्लीन," ते म्हणाले. "मिलिंदला बोलवा. शाळेचा फॉर्म आणा म्हणावं."

मिलिंद आत आला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "काहून रडतं गा? उठ, मायले फोन कर तिच्या." पण फोनवर त्याला बोलताच येईना, म्हणून शेवटी आजींनीच फोन घेतला आणि सुनेला बातमी इतक्या मोठ्याने सांगितली की कॉरिडॉरमध्ये बसलेल्या पेशंटनी टाळ्या वाजवल्या. स्कॅन संपवून बाहेर आलेली सांची गोंधळली. टाळ्या कुणासाठी, ते तिला कळेना. मग आपल्यासाठीच असाव्यात असं ठरवून ती वाकून हसली.

सूचनांचा कागद मी त्याच दुपारी बदलला. 'कशातही' खोडलं. पेज, भात, बटाटा, ब्रेड नको. संत्र्याचा रस चालेल. रंग गेला तरी औषध जात नाही.

वर्षातून एकदा मी किरणोत्सारी आणीबाणीच्या तयारीचा वर्गही घेते. कारखान्यांचे, दवाखान्यांचे लोक येतात. गोळ्या किती साठवायच्या, कुठे ठेवायच्या, कोणाच्या आदेशाने वाटायच्या, पहिल्यांदा मुलांना आणि गरोदर बायांना का, हे सगळं मी शिकवते, आणि ते सगळे लिहून घेतात. गेल्या वेळी मी विचारलं, "गोळी पोचली. पोर तोंड मिटून बसलं. आता?"

सगळे वह्या चाळू लागले. मागच्या बाकावरचा एक इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, ते मॅन्युअलमध्ये नाहीये."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तुमच्या टीमच्या यादीत डॉक्टर, ड्रायव्हर, सुपरवायझर यांच्याबरोबर एक आजी पण लिहा."

तो हसला. मी थांबले. मग त्याने लिहिलं.