नानांच्या वहीतली पहिली खाडाखोड

आमच्या विद्यार्थी परिषदेची सभा दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी दोनला भरते आणि तिचं इतिवृत्त बुधवारी संध्याकाळी पाचलाच लिहून तयार असायचं. बरोबर वाचलंत, आदल्या दिवशी. नाना, म्हणजे परिषदेचे कारकून, बुधवारी जेवणानंतर चष्मा पुसायचे, हिरव्या पुठ्ठ्याची मोठी वही उघडायचे आणि उद्या काय होणार ते भूतकाळात लिहून काढायचे. ‘चर्चा झाली. सर्वानुमते ठरले. आभार मानून सभा संपली.’ अक्षर असं की छापलंय म्हणावं. गुरुवारी पोरं यायची, बोलायची ते बोलायची, जाताना अध्यक्ष वहीवर सही ठोकायचा. नाना त्या वेळी मागच्या जिन्यात डबा खात बसलेले असायचे.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. पत्रं टंकणं, सूचना फळ्यावर लावणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘साहेब जागेवर नाहीत’ सांगणं ही माझी कामं. एकोणीस वर्षं झाली. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. फळ्यावरच्या टाचण्या चोरणाऱ्यांशी गोड बोलायला मी काही संत नाही.

नाना मात्र थंड डोक्याचा माणूस. नाकासमोर चालणारा. ही आधी लिहायची पद्धत त्यांनी आळसापोटी काढली नव्हती, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही भलताच ग्रह करून घ्याल. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका सभेचं इतिवृत्त प्रामाणिकपणे, जसं घडलं तसं लिहिलं. त्या सभेत खुर्च्या उडाल्या होत्या. मग दोन्ही गट त्यांच्या घरी येऊन बसले. ‘आम्ही खुर्ची फेकली नाही, सरकवली असं लिहा.’ अकरा वेळा पान बदललं. नानांच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते आणि बिचाऱ्या वहिनी अकरा वेळा चहा करत होत्या. त्यानंतर नानांनी युक्ती काढली. आधीच लिहायचं, गुळगुळीत लिहायचं, म्हणजे भांडायला कुणाला जागाच नको. एकतीस वर्षं ते चाललं. कुणाला काही फरक पडला नाही, कारण परिषदेत घडतच काही नव्हतं. स्नेहसंमेलनाचे पडदे निळे की लाल, एवढ्यावर सभा संपायची.

वहीत एकही खाडाखोड नाही, हा नानांचा अभिमान. नवीन अध्यक्ष आला की ते त्याला वही उघडून दाखवायचे. ‘बघा, शाईचा एक डाग शोधून दाखवा.’ कुणाला कधी सापडला नाही.

मग नर्सबाई आल्या. हे नाव परिषदेतल्या पोरांनी ठेवलेलं. एका दवाखान्यात त्या दिवसभर काम करायच्या, पट्ट्या बांधणं, केसपेपर काढणं, इंजेक्शनं देणं, आणि संध्याकाळी सहाच्या वर्गाला हजर. वय पस्तिशीच्या आतबाहेर. आमच्याकडे संध्याकाळच्या वर्गात अशी पाचशेवर माणसं शिकतात, पण परिषदेत त्यांचा एकही सभासद नाही, कारण निवडणूक दुपारी, सभा दुपारी. परीक्षेचे अर्ज तपासून शिक्का मारणारी मदतखिडकी परिषद चालवते, तीही अकरा ते चार. अर्ज स्वतः आणून द्यायचा, दुसऱ्याच्या हाती चालत नाही. आता चार वाजता दवाखाना टाकून कोण येणार?

बाईंनी तीनशे बारा सह्या गोळा केल्या आणि एक प्रस्ताव आणला. परिषदेत संध्याकाळच्या वर्गांना दोन जागा द्या आणि मदतखिडकी मंगळवारी नि शुक्रवारी रात्री आठपर्यंत उघडी ठेवा. झालं, एवढंच. त्या महिन्याच्या सभेत तो मांडायला त्या रजा काढून आल्या. मी पार्टिशनच्या अलीकडे होते. आतून टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असेल.

दुसऱ्या दिवशी मी वही बघितली. ‘प्रस्तावावर साधकबाधक चर्चा होऊन तो पुढील विचारार्थ ठेवण्यात आला.’ खाली अध्यक्षाची सही. फळ्यावर काय लावायचं ते मी वहीवरूनच ठरवते. विचारार्थ ठेवलेल्या गोष्टीची सूचना लागत नाही. मी लावली नाही.

महिन्याने अर्ज भरण्याचा आठवडा आला. मंगळवारी कामं साठली होती म्हणून मी साडेसहापर्यंत बसले होते. कुलूप हातात घेतलं, तोच नर्सबाई धापा टाकत आल्या.

“ताई, खिडकी बंद कशी? आठपर्यंत ना आज?”

“कोण म्हणालं?”

“सभेत मंजूर झालं की!”

मी काय केलं सांगू? मोठ्या तोऱ्यात वही काढली आणि ते वाक्य बोटाने दाखवलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “पण हात वर झाले होते. मी मोजले. आठ विरुद्ध पाच. अध्यक्ष ‘मंजूर’ म्हणाले, टाळ्यासुद्धा वाजल्या.”

त्या टाळ्या! म्हणजे वाढदिवस नव्हताच.

बाईंचं हे आठवं वर्ष. आठ वर्षांत पदवी पुरी झाली नाही तर आमच्याकडे नाव कमी होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गेल्या वर्षीही त्यांचा अर्ज चारच्या ठोक्याला राहिला होता. सभेसाठी रजा काढली तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, आता आणखी एक दिवस गेलात तर दुसरी बाई बघतो. शुक्रवार ही अर्जाची शेवटची तारीख.

“द्या इकडे,” मी म्हणाले. “नियम गेला खड्ड्यात. उद्या मी स्वतः शिक्का मारून घेते.”

“माझ्या एकटीचा घेऊन काय होणार? बाहेर बघा.”

मी दारातून डोकावले. पायऱ्यांवर पन्नासेक माणसं बसली होती, प्रत्येकाच्या हातात अर्ज. कुणी कामाच्या कपड्यांतच आलेला, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी खरं सांगते, त्या क्षणी मला नानांचा रागच आला आणि त्याहून जास्त माझा.

बुधवारी सकाळी नाना छत्री कोपऱ्यात ठेवतात न ठेवतात तोच मी सगळं त्यांच्या पुढ्यात ओतलं. ते खाली बसले. बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

“मंजूर होईल असं वाटलं नव्हतं गं,” ते म्हणाले. “आपल्याकडे काही मंजूर होतं का कधी?”

“झालं ना पण! आता काय करायचं?”

“पुढच्या महिन्यात दुरुस्ती घेऊ.”

“पुढच्या महिन्यात तुम्ही घरी बसलेले असाल आणि त्या बाईंचं नाव कटलेलं असेल.”

नाना त्या महिनाअखेर निवृत्त होणार होते. सगळी अडचण तिथेच होती. खोटं इतिवृत्त लिहिलं हे बाहेर आलं तर शेवटच्या महिन्यात सेवापुस्तकात शेरा. एकतीस वर्षं स्वच्छ आणि जाता जाता डाग. माझ्या जिवाला ते लागत होतं, मी काही दगड नाही. पण पायऱ्यांवरची माणसं डोळ्यांपुढून हलेनात.

त्यात आणखी एक भानगड. गुरुवारच्या सभेचं इतिवृत्त नानांनी या खेपेला बुधवारची वाट न बघता सोमवारीच लिहून टाकलं होतं. पहिलं कलम नेहमीचं, ‘मागील सभेचे इतिवृत्त सर्वानुमते कायम करण्यात आले.’ शेवटचं कलम नानांच्या निवृत्तीचं. ‘त्यांच्या अचूक कामाची परिषद कृतज्ञतेने नोंद घेते. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीत एकही खाडाखोड झाली नाही.’ स्वतःचं कौतुक स्वतःच लिहिलेलं! एरवी मी हसून हसून लोळले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले. वहिनी भाजी निवडत होत्या. नानांनी त्यांना सांगितलं, काही न लपवता. वहिनींनी हातातली काडी खाली ठेवली.

“एकतीस वर्षं हा माणूस मला सांगतोय, आमच्या सभेत कधी भांडण होत नाही. आज कळलं का होत नाही ते.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तू गं? तू इतकी वर्षं शेजारी बसून काय माश्या मारत होतीस?”

माझं तोंड एवढंसं झालं. नाना जेवायला थांब म्हणाले, मी थांबले नाही.

गुरुवारी दोन वाजता पोरं जमली. आमचा अध्यक्ष चांगला मुलगा होता, शर्टाला कडक घडी, म्हणून त्याला सगळे इस्त्री म्हणायचे. त्याने घसा साफ केला आणि विचारलं, “मागील सभेचं इतिवृत्त कायम करायचं?” नेहमी यावर तेरा जण एका सुरात ‘हो’ म्हणतात. पण त्या दिवशी नाना डब्याकडे गेले नव्हते. वही छातीशी धरून ते दाराजवळ उभे होते, आणि मी पार्टिशन सोडून त्यांच्या मागे.

“थांबा,” नाना म्हणाले.

पोरं चमकली. कारकून सभेत बोलतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“ते इतिवृत्त खोटं आहे. मी ते सभेच्या आदल्या दिवशी लिहिलं. सभा चालू होती तेव्हा मी जिन्यात जेवत होतो. संध्याकाळच्या वर्गांचा प्रस्ताव तुम्ही आठ विरुद्ध पाच मतांनी मंजूर केलात. वहीत तसं नाही.”

इस्त्री लालबुंद झाला. “पण नाना, मी सही केली ना त्यावर!”

“तुम्ही न वाचता केलीत. मी न बघता लिहिलं.”

पाचांपैकी एकाने लगेच तोंड घातलं. सही झाली म्हणजे कागद पक्का, आता बदलता येणार नाही, म्हणे. तेव्हा नाना पहिल्यांदा कडक आवाजात बोलले. “कायम होईपर्यंत इतिवृत्त कच्चंच असतं. हा नियम दर वर्षी मीच तुम्हाला शिकवतो. कुणी ऐकत नाही ती गोष्ट वेगळी.”

दोघंतिघं हसली. इस्त्रीने सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, मागच्या वेळी मंजूर झाला होता की नाही? आठांनी हात वर केले. मग थोडं थांबून नववा, म्हणजे विरोधातल्या पाचांपैकी एक, उठून म्हणाला, “मी विरोधात होतो. पण झाला होता हे खरं आहे.” त्या पोराचं मला फार कौतुक वाटलं. पुढे तो टाचण्या चोरताना सापडला तरी मी त्याला सोडलं.

नानांनी वही टेबलावर ठेवली. लाल पेन काढलं. ‘पुढील विचारार्थ ठेवण्यात आला’ या शब्दांवरून त्यांनी पट्टी न लावता रेघ मारली, ती वाकडी गेली. वर लिहिलं, ‘आठ विरुद्ध पाच मतांनी मंजूर’, आणि बाजूला सही केली. मग पान उलटून सोमवारी लिहिलेलं अख्खं पान आडवं छेदलं, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि खुर्ची ओढून पोरांच्यात बसले. “हं, बोला,” म्हणाले. “पण सावकाश बोला. मला ऐकून लिहायची सवय नाही.”

ती सभा दोन तास चालली. नानांना प्रत्येकाला ‘काय म्हणालात?’ विचारावं लागत होतं. शेवटी इस्त्रीने त्यांच्या निवृत्तीचा ठराव आपणहून मांडला आणि काय काय बोलला. नानांनी तो खाली मान घालून लिहून घेतला. ‘एकही खाडाखोड नाही’ हे इस्त्रीच्या तोंडून सवयीने निघालं, तेव्हा नाना म्हणाले, “ते नको. दोन झाल्या.”

शेरा मिळाला. ‘निष्काळजीपणा’ असा एक शब्द सेवापुस्तकात चढला. नाना ते वाचून म्हणाले, “अक्षर वाईट आहे.” पण दोन दिवस त्यांनी डबा नीट खाल्ला नाही, ते मी पाहिलं.

शुक्रवारचं मात्र सांगायलाच हवं. सूचना मी गुरुवारीच लावली होती, चार टाचण्या ठोकून. खिडकीवर नाना स्वतः बसले. पाचला सुरू झालेली रांग पायऱ्यांवरून खाली गेली होती. नर्सबाई रांग सांभाळत होत्या, मूलवालीला पुढे पाठव, याची तारीख तपास, त्याला पेन दे. आठाला सहा मिनिटं राहिली तेव्हा त्यांनी आपला अर्ज सगळ्यात शेवटी पुढे केला. हातांना दवाखान्याच्या साबणाचा वास येत होता.

नानांनी अर्ज वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून. मग शिक्का मारला.

“बाई,” ते म्हणाले, “त्या दिवशी सभेत तुम्ही बोललात, तेव्हा काय बोललात? मी नव्हतो.”

बाई दमल्या होत्या. घरी जायची घाई असणार. तरी त्या खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगू लागल्या. नानांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत बसले. आठ वाजून गेले तरी मी खिडकी बंद केली नाही.