योगराजचा शुद्ध कोबा

योगराज म्हणजे आमच्या मंगलाचा नवरा. मी मंगलाची थोरली बहीण, सुरतेच्या बमरोलीत यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे सांगते ते ऐकीव नाही. अमळनेरकडून इकडे आला तेव्हा हा कापडाच्या लूमवर होता. तिथे मुकादमाशी भांडला, फरशीच्या कामाला गेला, तिथे ठेकेदाराशी भांडला. आपण तेवढे कारागीर आणि बाकी सगळे गाढव, एवढंच तो आयुष्यात पक्कं शिकला. बायको दिवसभर घरात बसून साड्यांवर खडे चिकटवणार, तिच्या डोळ्यांतून पाणी गळणार, आणि हा शेजारी पाय पसरून मला सांगणार, "अक्का, मना हातमा कला शे!" डोंबलाची कला!

कला होती ती मंगलाच्या हातात. भंगारवाल्याकडच्या फुटक्या बाटल्या तिनेच आणल्या. बारीक केल्या, चाळल्या, धारा बोथट होईपर्यंत पिंपात फिरवल्या, टाकीत खळखळून धुतल्या. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून भंगारात बियरच्या बाटल्या नसतात, असं कुणी समजू नये. ढिगाने असतात. त्यांची हिरवी आणि तपकिरी काच रंगीत सिमेंटात घालून तिने दारापुढचा ओटा केला. योगराजने तो घासून दिला, एवढं त्याचं पुण्य. ओट्यावर काचेची पानं अशी चमकायची की येणारा जाणारा थांबायचा.

आमच्या खानदेशी मंडळींनी सोसायटीमागे देवीचं लहानसं मंदिर बांधायला काढलं होतं. त्यांनी तो ओटा पाहिला आणि मंदिराचा कोबा योगराजला दिला. मूर्तीच्या प्रतिष्ठेचा दिवस ठरलेला. काम जमलं तर पुढची कामं आपसूक येणार, मंगलाचे खडे सुटणार. बिघडलं तर मंडळी मार्बलवाल्याला बोलावणार, हा घरी बसणार आणि तिचे डोळे त्या साड्यांतच जाणार. डॉक्टरने तिला आधीच सांगितलं होतं, हे काम सोडा.

आणि काम मिळाल्या मिळाल्या या माणसाच्या अंगात देव शिरला. कपाळाला गंध काय, पायात चप्पल नाही काय. म्हणाला, "देवीच्या दारात दारूची काच? माझ्या हातून व्हायचं नाही." मंगलाने धुऊन ठेवलेल्या काचेच्या गोण्या त्याने मागच्या खोलीत टाकून कुलूप ठोकलं. मग लग्नाच्या जेवणावळी करणाऱ्या आचाऱ्यांकडून गुलाबाच्या आणि खसच्या सरबताच्या बाटल्या गोळा करून आणल्या. मंगला म्हणाली, "अहो, निदान टाकीत बुडवून तरी घेऊ." तर हा डाफरला, "त्या टाकीत दारूच्या बाटल्या धुतल्यास तू! ती टाकीच बाटली." स्वतः तापीवर जाऊन कळशी भरून आणली आणि फोडलेल्या काचेवर दर्भाने पाणी शिंपडलं. शिंपडलं बरं का, धुतलं नाही. वर मंडळींना सांगत सुटला, सगळी काच तापीमाईच्या पाण्याने शुद्ध केलीय.

एक हट्ट आणखी. उंबऱ्यात त्याचं नाव पाहिजे. "भक्तांची पायधूळ लागली पाहिजे, अक्का. मी कोण? धूळ!" हे सांगताना छाती मात्र वीतभर पुढे.

कोबा ओतला. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोट आत. हा म्हणाला, हवा दमट आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच, शिऱ्यासारखा मऊ. मी सकाळी या दोघांबरोबर बघायला गेले तर भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग, थेट उरलेल्या काचेच्या गोणीत चाललेली. आमच्या गल्लीतला गवंडी भटू मागून आला, त्याने मुंग्या पाहिल्या आणि योगराजपुढे कपाळावर हात मारला. "दादा, पाक गेला ना यात! सिमेंटात साखर गेली की ते बसतं का?"

गवंड्याच्या हाताखालच्या बाईलाही हे ठाऊक असतं. योगराजलाही ठाऊक होतं! पण शुद्धीच्या नादात अक्कल गहाण टाकली होती ना. मला त्याची कीव नाही आली. संताप आला, कारण मंगलाच्या घरात साड्यांचा नवा गठ्ठा येऊन पडला होता.

हा शूरवीर घरी जाऊन तोंडावर टॉवेल घेऊन झोपला. म्हणे छातीत धडधडतंय. मंगलाने त्याच्या उशाखालून मागच्या खोलीची किल्ली काढली. तो जागा होता, पापणी हललेली मी पाहिली. आम्ही दोघींनी आणि भटूने तो चिखल खरवडून काढला, बाटलेल्या टाकीत धुतलेली काच घातली आणि कोबा पुन्हा ओतला. या वेळी तो बसला. भटूने घासला तेव्हा देवीच्या जागेपुढे हिरवी वेल उमटली. मी म्हटलं, त्या मेल्याचं नाव नको घालूस. मंगला म्हणाली, "का नको? त्यांनी मागितलंय." आणि उंबऱ्यात तपकिरी काचेने नाव घातलं, ठसठशीत.

प्रतिष्ठेच्या दिवशी धडधड पळाली. नवं धोतर नेसून योगराज सगळ्यांच्या पुढे. मग उंबऱ्यापाशी आला आणि थबकला. सरबताच्या बाटल्या पांढऱ्या असतात. तपकिरी काच कशाची, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? इतक्यात आमच्या मंदिर मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी वाकून त्या नावाला बोटं लावली, कपाळाला लावली आणि विचारलं, "योगराजभाऊ, ही एवढी तेजस्वी काच कुठली हो?"

त्याने मंगलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांगा ना."

"तापीमाईची कृपा," योगराज म्हणाला. मागच्या गल्लीतल्या मंडळाची माणसं तिथेच उभी होती. त्यांनी हात जोडले, आमच्या हनुमानालाही अशीच शुद्ध काच पाहिजे. हा हो म्हणाला. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

घरी आल्यावर मंगलाने साड्यांचा गठ्ठा उचलून त्याच्यासमोर ठेवला. एकही खडा चिकटवलेला नव्हता.

"हा साडीवाल्या सेठकडे परत देऊन या," ती म्हणाली. "आणि येताना भंगारवाल्याकडून तपकिरी बाटल्या आणा. हिरव्या कमी आणल्या तरी चालतील."

मला वाटलं, आता तरी भांडेल. भांडला नाही. कपाळावरचं गंध तसंच, नवं धोतर तसंच, सायकलला गोणी बांधली आणि भर दुपारी सगळ्या गल्लीदेखत बियरच्या बाटल्या आणायला गेला.