वरचा थर

मार्लिस टॉलेफसनला केक येत नव्हता. तीस वर्षं तिनं अख्ख्या हॅल्स्टॉनच्या लग्नांचे केक केले, पण कॉफीच्या घोटाशिवाय घशाखाली उतरेल असा एक नाही. सांगणार कोण? आधी केक करणारी बाई संधिवाताला कंटाळून ॲरिझोनाला मुलीकडे निघून गेली, आणि मार्लिस फार्गोला जाऊन आयसिंगचा पंधरा दिवसांचा वर्ग करून आली. झालं! वासरात लंगडी गाय शहाणी. त्या दिवसापासून तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं तर जणू परवानगी काढायला लागे.

ती माझी भावजय. माझ्या भावाची, ऑर्विलची बायको. नणंद आहे म्हणून बोलते, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. मी चाळीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, निम्म्या गावाला लहानपणी मागच्या बाकावर बसवून रडवलं आहे. भीड वगैरे माझ्याकडे उरलेली नाही.

आमच्याकडे लग्नाच्या केकचा सगळ्यात वरचा छोटा थर लग्नात कापत नाहीत. तो फ्रीजरमध्ये ठेवतात आणि लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला नवरा-बायको मिळून खातात. हौस असेल तो ठेवतो, नसेल तो दुसऱ्या दिवशी नाश्त्याला खाऊन मोकळा होतो. मी नाश्त्याला खाल्ला असता. मला लग्नाचं कुणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

मार्लिसनं या हौसेचा कायदा केला. तिनं केलेल्या केकचा वरचा थर खायचा नाही म्हणजे नाही, आणि घरीही न्यायचा नाही.

"तुमच्या फ्रीजरमध्ये हरणाचं मटण आणि तळ्यातले मासे," ती नव्या नवरीला सांगायची. "वर्षभरानं केक खाल की वॉलआय मासा? माझ्याकडे राहू दे. माझ्या फ्रीजरमध्ये माशाचा वासही नाही."

मग लग्नाच्या हॉलमधून तो थर पांढऱ्या खोक्यात घालून, छातीशी धरून ती अशी निघायची, की जणू बाळाला बाप्तिस्म्याला नेते आहे. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. एकदा हेगस्टॅडच्या पोरानं आणि त्याच्या बायकोनं तो थर रातोरात पळवला आणि हनिमूनला गाडीत खाल्ला. तीन वर्षांनी त्यांचं फाटलं. ते फाटलं त्याच्या दारूपायी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मार्लिसला तेवढं पुरलं. पुढची वीस वर्षं प्रत्येक नवरीला हेगस्टॅडची कथा ऐकावी लागली.

वर्ष भरलं की ती स्वतः केक घेऊन घरी जायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून गाडी माझी असे, म्हणून ही नाटकं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती त्यांच्या टेबलाशी बसायची, कोट न काढता. ती दोघं एकमेकांना घास भरवत आणि ही त्यांच्या जबड्यांकडे पाहत राही.

"कसा आहे?"

"अगदी कालच केल्यासारखा!"

"गुंडाळण्यात सगळं असतं," ती म्हणायची. "तीन वेळा प्लॅस्टिक, दोन वेळा फॉइल. लोकांना गुंडाळता येत नाही."

लोकांना गुंडाळता तिच्याइतकं खरंच कुणाला येत नव्हतं. केक कालचाच असायचा.

हे मला कळलं ते तिच्या पित्ताशयाच्या खड्यांमुळे. ती दवाखान्यात, ऑर्विल एकटा उपाशी, म्हणून मी त्याच्याकडे हॉटडिश, म्हणजे खिमा-भाज्या एकत्र ओव्हनमध्ये भाजायचा आमचा पदार्थ, करायला गेले. मटार आणायला गॅरेजमध्ये गेले नि तो पवित्र फ्रीजर उघडला. मका, मटार, सॉसेज, आणि कोपऱ्यात कालपरवाच्या लग्नाचं एक खोकं. बस! त्या वर्षी गावात अकरा लग्नं झालेली.

"ऑर्विल, बाकीचे केक कुठे आहेत रे?"

माझा भाऊ सत्तर वर्षांचा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. मग सगळं बाहेर आलं. खूप वर्षांपूर्वी एका जोडप्यानं तिच्यादेखत तो वर्षाचा केक बशीत थुंकला होता. त्या दिवसापासून ही आदल्या दिवशी ताजा करून नेते. आणि जुना?

"चर्चला देते. मयताच्या जेवणाला. वरचं आयसिंग खरवडून नवीन लावते. वाया कशाला घालवायचा?"

म्हणजे बघा. गावात कुणी गेलं की चर्चच्या तळघरात पुरल्यानंतरचं जेवण असतं: हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, लोणचं, कॉफी. तिथं सगळ्या बायका दरवेळी म्हणायच्या, "मार्लिसचा हात किती सढळ! केक नाही असं कधी झालं नाही." आयजीच्या जिवावर बायजी उदार! लग्नवाल्यांनी पैसे मोजलेला केक, आणि पुण्य हिच्या नावावर. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी दुसरीकडे कुठे एवढं स्वच्छ पाहिलेलं नाही.

"तू बोलू नकोस गं आर्डिस," ऑर्विल म्हणाला. "तिच्याकडे तेवढंच आहे."

नाही बोलले. भावाचं तोंड पाहून गप्प बसले. पोरांना ताजा केक मिळतोय, दात शाबूत राहतायत, बिघडलं कुणाचं? असं मी मनाला सांगितलं.

मग नोलन रास्कचं ब्रेनाशी लग्न आलं. हा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पोरगा, लांबलचक, माझ्याच बसमधून शिकलेला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात टोपी हातात धरून तो मार्लिसच्या स्वयंपाकघरात उभा राहिला.

"मिसेस टॉलेफसन, वरचा थर मी करून आणला तर चालेल का?"

"तू? अरे, केकला ग्रीस लागत नाही."

"आईच्या ओव्हनमध्ये करीन. तुम्ही वरून नुसतं आयसिंग लावा. ब्रेनाला सांगायचं नाही आत काय आहे ते. वर्षानं खाईल तेव्हा कळेल."

मार्लिस नाही म्हणणार होती, पण मी तिथेच बसले होते. "करू दे की," मी म्हटलं. "गावात एक तरी केक चवीचा होईल." ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्यानं आणला तो केक एका बाजूला बसलेला. तिनं नाक मुरडत आयसिंगचं लिंपण करून सरळ केला. लग्नात नोलननं सगळ्यांसमोर ग्लास वर करून सांगितलं, "वरचा माझ्या हातचा आहे. आत काय ते पुढच्या ऑक्टोबरात विचारा." ब्रेनानं त्याला कोपर मारलं आणि सगळा हॉल हसला. रात्री मार्लिस खोकं छातीशी धरून निघाली, नेहमीसारखी.

मार्चमध्ये नोलन गेला. बर्फ पातळ झालाय, गोठलेल्या तळ्यावर गाडी घालू नका, असं सगळे सांगत होते, आणि दरवर्षी कुणीतरी घालतोच. त्या वर्षी तो होता. ब्रेना तेव्हा चोवीस वर्षांची.

मयताच्या जेवणाला मी वाढायला आणि उचलायला होते. दीडशे माणसं. मार्लिसनं घरच्यांच्या टेबलासाठी वेगळा केक मांडला होता, छोटे चौकोन कापून. त्यातला एक उरलेला तुकडा मी आत उभ्यानं तोंडात टाकला आणि थबकले. वेलदोडा! आमच्या आज्या नाताळच्या पावात घालत तो वेलदोडा, आणि तोही सालासकट कुटलेला, दातांत अडकला. मधे किंचित कच्चा. मार्लिसनं जन्मात केकमध्ये वेलदोडा घातला नव्हता.

"मार्लिस, हा कोणाचा?"

तिनं हात पुसले. खोटंसुद्धा बोलली नाही. "त्याचाच. आता त्यांचा वाढदिवस कुठून व्हायचा? त्याचा केक त्याच्याच कामी आला. वाया तर नाही ना गेला."

माझ्या हातात कॉफीची किटली होती. ती तिच्या डोक्यात घातली नाही याचा मला आजही पश्चात्ताप आहे. बाहेर एवढी माणसं, ती पोर भिंतीकडे बघत बसलेली. तमाशा करायची ती वेळ नव्हती. नंतर सांगेन म्हटलं. नंतर म्हटलं, विचारणार आहे कोण? नवरा नाही तर केक कोण मागतं?

तिनं मागितला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मार्लिसला फोन आला. "आमचा वाढदिवस शनिवारी आहे. मला माझा केक हवाय." एवढंच.

तिथे तरी खरं बोलावं की नाही माणसानं? छे! आमच्या बाईसाहेबांनी शुक्रवारी नेहमीचा पांढरा केक केला, वर नेहमीची गुलाबं काढली आणि शनिवारी खोकं मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसल्या.

"तिला सांग," मी म्हटलं.

"बिचारीला काय कळणार आहे? त्यानं आत काय घातलं होतं, तिला ठाऊकच नाही. गाडी बघून चालव."

मी गाडी चालवली. हेही लिहून ठेवा माझ्या नावावर.

ब्रेनानं टेबलावर दोन बश्या मांडल्या होत्या. आम्हाला बसा म्हणाली, मार्लिस कोट न काढता बसली. पोरीनं खोक्याची दोरी सोडली, सुरी घेतली, आणि किती वेळ नुसती पाहत राहिली. तिला तो केक खायचा नव्हता हो. आत काय आहे ते तिला हवं होतं. नवऱ्यानं मागे ठेवलेलं एवढं एकच तिनं अजून उघडलेलं नव्हतं.

तिनं कापला. आत पांढरा. एक घास घेतला, हळूहळू चावला.

"हा तुमचा आहे," ती म्हणाली.

"वर्ष झालं ना राणी," मार्लिस म्हणाली. "फ्रीजरमध्ये चव उतरते."

"उतरून तुमची चव येते?"

मार्लिसनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! मी तिला वाचवावं म्हणून. "तीन वेळा प्लॅस्टिक..." तिनं सुरू केलं.

"गप्प बस!" मी टेबलावर हात आपटला, बश्या वाजल्या. "पुरे झालं गुंडाळणं. ब्रेना, तुझा केक हिच्याकडे नाही. नोलनच्या जेवणाला हिनं तो कापून वाढला. मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी सात महिने तोंड शिवून बसले."

मार्लिस उठली. मला वाटलं, आता तरी माफी मागेल. तिनं खोक्याचं झाकण लावलं, उरलेला केक उचलला आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. केक घेऊन! पुढचं मयत कोणाचं होतं कोण जाणे.

ब्रेना बोटानं टेबलावरचा चुरा एकत्र करत होती.

"तुम्ही खाल्लात?"

"एक तुकडा."

"कसला होता?"

"वेलदोड्याचा."

तिचं बोट थांबलं. "सालासकट?"

"सालासकट. माझ्या दातांत अडकला."

"तो तसाच कुटतो," ती म्हणाली. "माझ्या आजीच्या पावाची कृती... आजी गेल्यावर मला कुणाकडेच मिळाली नाही. त्यानं माझ्या मावशीकडून काढली असणार." ती थोडी हसली, आणि मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. मी घरच्यांच्या टेबलाशी होते ना? माझ्या बशीत होता?"

"होता."

"मग मी खाल्ला?"

तिच्यापुढची बशी मीच ठेवली होती आणि मीच उचलली होती. तुकडा जसाच्या तसा, काट्याला चुरासुद्धा लागलेला नव्हता. "घेऊ का गं?" मी विचारलं होतं. ती भिंतीकडे पाहत होती. आत नेऊन हॅमच्या चरबीसकट मी तो कचऱ्याच्या डब्यात सारला होता.

"हो," मी म्हटलं. "सगळा खाल्लास. बशी अगदी स्वच्छ होती."

तिनं डोळे मिटले आणि तोंड बंद ठेवून जीभ दातांवरून फिरवत राहिली, सावकाश, एकेका दातावरून.