उचललेलं टाकायचं नाय

जीव जायची वेळ आली तरी माणूस गप्प राहू शकतो, हे मी सांडूभाऊंमुळे पहिल्यांदा पाहिलं. त्या सकाळी मी एका नव्या मुलीला बैठका शिकवत होते. टाचा जमिनीवर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, कंबर मागे, हे माझं रोजचं पालुपद चालू होतं. सहज मान वळवली तर कोपऱ्यातल्या बाकावर सांडूभाऊ उताणे, आणि वजनासकट बार त्यांच्या छातीवर. चेहरा वांग्यासारखा जांभळा पडलेला. पाय थरथरत होते. अगदी शेजारी दोघं जण मोबाईलवर क्रिकेट बघत उभे होते, आणि या गृहस्थांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

मी किंचाळतच धावले. त्या दोघांनी बार उचलून खुंट्यांवर ठेवला. "चाचा, आवाज तो देना था!" असं त्यातला एक म्हणाला. आणि माझं असं आहे, की मी घाबरले की मला भयंकर राग येतो.

"तोंड शिवलंय का तुमचं? अडकलं की 'धरा' म्हणून ओरडायचं, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

सांडूभाऊ उठून बसले. बाहीनं तोंड पुसलं. "वरडायचं कशाला मॅडम? जात होतं की वर."

"बार नाही, तुम्ही जात होता वर!"

सगळी जिम हसली. ते हसले नाहीत.

सांडूभाऊ शेंद्र्याच्या पुढच्या एका गावचे. पन्नाशी उलटलेली. थोडी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या जमिनीत मोसंबी. गेलेल्या जमिनीवर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याच गेटवर हे वॉचमन झाले. "आपल्याच वावरात येणाऱ्याला पास विचारतो म्या," असं ते सांगायचे, तेही अगदी सरळ चेहऱ्यानं. ड्युटी सुटली की तशीच मोटारसायकल काढून मुकुंदवाडीत माझ्या जिममध्ये यायचे. पन्नाशीचा माणूस माझ्याकडे येतो तो साखर वाढली म्हणून, नाहीतर गुडघे बोलायला लागले म्हणून. म्हणून मी विचारलं होतं, "पोट कमी करायचंय का?"

"नाय. गोटा उचलायचाय."

त्यांच्या गावात मारुतीच्या देवळापुढं एक गोल गुळगुळीत दगड आहे. चैत्रात जत्रेच्या दिवशी सांडूभाऊंच्या भावकीतला एक जण तो उचलून खांद्यावर घेतो. मग पहिला नारळ त्यांच्या घरचा. एखाद्या वर्षी नाही उचलला तर मान कारभारी अण्णांच्या भावकीकडे जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. इतकी वर्षं थोरले भाऊ उचलायचे, ते गेल्या साली वारले. सांडूभाऊंचा मुलगा इंद्रजीत पुण्यात नोकरीला. त्याला लॅपटॉपच जड होतो, असं बापच सांगायचा. म्हणून आता हे. त्यात पाठ आधीच धरलेली, सकाळी खाटेवरून उठताना कळ यायची.

इथपर्यंत मला काही वाटलं नाही. जत्रेतले खेळ कुठं नसतात? पण मग त्यांनी नियम सांगितला आणि मी बघतच राहिले. गोटा एकदा जमिनीवरून सुटला की खांद्यावर गेलाच पाहिजे. खांद्यावरून मग चौघं जण उतरवून घेतात. मधेच टाकला तर देवाचा अपमान. आणि उचलताना तोंडातून आवाज आला, कुणाला हाक मारली, तरी बाद.

"म्हणजे पाठ मोडली तरी गप्प?"

"उचललेलं टाकायचं नाय मॅडम. आमच्या बापानं कधी टाकला नाय. देवळाच्या भिंतीवर नाव हाय त्यांचं, रंगानं लिहिलेलं."

खरं तर मी तिथंच हात जोडायला हवे होते. पण समोरचा माणूस माझ्याशिवायही तो दगड उचलणारच होता, हे मला दिसत होतं. मग निदान नीट तरी उचलू दे, म्हणून मी त्यांना हाताखाली घेतलं.

शिकायला माणूस चांगला होता. जमिनीवरून बार उचलायचा व्यायाम त्यांनी आधी सगळे करतात तसाच केला. पाय सरळ, पाठीची कमान, आणि हिसका. मी म्हटलं, "भाऊ, ही पाठ आहे, क्रेन नाही." मग पहिल्यापासून सुरुवात केली. बार नडगीला चिकटलेला हवा. कंबर मागे ढकलायची, पाठ फळीसारखी. पोटात श्वास भरून पोट असं घट्ट करायचं, जसं काही कुणी गुद्दा मारणार आहे. आणि हातांनी ओढायचं नाही, पायांनी जमीन खाली दाबायची. चार-सहा आठवड्यांत त्यांचा बार इतका सरळ वर यायला लागला, की पोरं बघायला थांबायची. सकाळची कळही गेली.

गोट्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याला मूठ नसते, त्यामुळे खाली धरताना पाठ थोडी वाकणारच. म्हणून वाळू भरलेलं पोतं आणलं. आधी ते मांडीवर ओढून घ्यायचं, उकिडवं बसल्या बसल्या कवटाळायचं, छातीला लावायचं आणि मगच पायांच्या जोरावर उभं राहायचं. तेही जमलं.

जमलं नाही ते एकच. टाकणं.

माझ्या जिममध्ये उचलायच्या आधी टाकायला शिकवतात. तोल गेला, पाठ गोल व्हायला लागली, तर हात सोडायचे आणि एक पाऊल मागं. बार पडू दे, फरशी फुटू दे, माझी फरशी आहे. पण सांडूभाऊंचे हात सुटतच नसत. दमलेल्या पाठीनं ते बार असा अलगद खाली ठेवायचे, जशी काही तेलाने काठोकाठ भरलेली घागर. दुखापत नेमकी तिथंच होते, हे सांगून माझा घसा बसला. शेवटी मी वजन वाढवायचं बंद केलं.

"टाकाल तेव्हा वाढवीन."

"मग नाय वाढलं तरी चालंल," ते म्हणाले. असा राग आला होता मला!

होळीनंतरच्या एका सकाळी ते बायकोला घेऊन आले. चतुराबाईंना घाटीच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायचे होते, त्याआधी ह्यांचा व्यायाम. बाई काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर कापडी पिशवी. बाकाच्या कडेला बसून त्या शांतपणे बघत होत्या. मी पुन्हा टाकण्याचा धडा काढला, भाऊंनी पुन्हा बार अलगद ठेवला. आज बायको समोर होती म्हणून की काय, वर पोरांना ऐकवलंही, "आमच्या म्हाताऱ्यानं तर खांद्यावर घेतलेला गोटा घेऊन देवळाला फेरी मारली होती. गावानं खांद्यावर बसवून, गुलाल उधळत घरी आणला त्यांना. टाकायचं आमच्या रक्तातच नाय."

"व्हय," चतुराबाई म्हणाल्या. "आणला खांद्यावर. चालता येत नव्हतं म्हणून."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

भाऊ म्हणाले, "अगं, इथं कशाला..."

"इथं नाय तर कुठं? गावात तर बोलायचंच नाय." आवाज चढवलेला नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसा होता. "बाई, म्या नवी नवरी होते. आरतीचं ताट घेऊन दारात उभी. लोकांनी मामंजींना खांद्यावरून उतरवलं, तर पायच टेकंनात. खाली बसले ते उठलेच नाय. गोटा उचलतानाच कंबर गेली होती. तशा कंबरंनं फेरी मारली, आन् तोंडातून आवाज काढला नाय. लोकं तिकडं नाव रंगवू राहिले होते भिंतीवर, आन् म्या इकडं बाजेला भोक पाडू राहिले होते, त्यांच्या परसाकडच्या सोयीसाठी. माझी दोन्ही लेकरं त्या बाजेपाशी वाढली. मरेस्तोवर उठले नाय मामंजी. आन् यांना विचारा, यांनी कधी कुणाला सांगितलं का."

जिममध्ये गाणी लावलेली असतात. ती कुणीतरी बंद केली. इतके दिवस मी या माणसाशी वाद घालत होते की टाकणं म्हणजे हार नव्हे, आणि त्याच्या घरात हे सगळं घडून गेलेलं. त्यानं ते रोज डोळ्यांनी बघितलेलं! आणि तरीही तो मला भिंतीवरचं नाव सांगत होता. शिकलेली-सवरलेली माणसं खोटं बोलतात ती फायद्यासाठी. हे कसलं खोटं, ज्यात आपलीच कंबर पणाला लावायची?

सांडूभाऊंनी टॉवेलची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "चल, घाटीत गर्दी होईल," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते जिममध्ये आलेच नाहीत. फोन उचलले नाहीत.

जत्रेच्या आदल्या दिवशी चतुराबाईंचा फोन आला. "या तुमी उद्या. काय व्हायचं ते मला एकटीला बघायचं नाय."

गेले. चैत्राचं ऊन डोक्यात शिरत होतं. देवळापुढं मैदान, रेवड्यांची दुकानं, डफड्यांचा कडकडाट. पुरुष कडं करून उभे आणि बायका मागं ओट्यावर. गोट्याजवळ बायकांनी जायचं नसतं, असं मला तिथं कळलं. मी चतुराबाईंजवळ उभी राहिले. भिंतीवर सासऱ्यांचं नाव होतं, दरवर्षी रंग देत असणार, कारण अक्षरं अगदी ताजी होती. त्यांनी एकदाही तिकडं बघितलं नाही.

सांडूभाऊ धोतर खोचून पुढं आले. मारुतीला हात जोडले. आणि मग, काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पाय बरोबर खांद्याइतके फाकवलेले. श्वास पोटात. गोटा मांडीवर ओढून घेतला, बसल्या बसल्या कवटाळला, छातीला लावला. आणि पायांनी जमीन दाबत माणूस उभा राहिला. गाव ओरडलं. मीही ओरडले. आता राहिला फक्त खांदा.

दगड घामानं निसटता झाला होता. तो थोडा खाली सरकला आणि भाऊंनी त्याला पाठीच्या हिसक्यानं वर ढकललं. मला दिसलं ते. कुणालाच दिसलं नाही, मला दिसलं. पाठीची फळी मोडली, कमान झाली. डावा पाय थरथरायला लागला. चेहरा त्या दिवशीसारखाच जांभळा, आणि ओठ तसेच घट्ट मिटलेले. डफड्यांचा कडकडाट वाढला. लोक म्हणत होते, "घे, घे, घे!" चतुराबाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं रुतत होती.

"टाका," मी म्हणाले. कुणाला ऐकू जाणार?

आणि सांडूभाऊंचे हात सुटले. दोन्ही एकदम, शिकवल्यासारखे. एक पाऊल मागं. गोटा धप्पकन जमिनीत रुतला.

डफडी थांबली. एवढ्या माणसांच्या जत्रेत रेवड्यांवरच्या माश्या ऐकू याव्यात अशी शांतता. एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. लोक त्या दगडाकडे असे बघत होते जसं काही कुणाचं प्रेत पडलंय. मग कारभारी अण्णा म्हणाले, आणि रागानं नाही, खरंच दुःखानं म्हणाले, "सांडू, बापाचं नाव घालवलंस रं."

भाऊ तिथंच उभे. हात लोंबकळत होते. ते आपल्याच हातांकडे बघत होते, हे कुणाचे हात असं.

माझं मनगट सुटलं. चतुराबाई ओट्यावरून खाली उतरल्या. पुरुषांचं कडं आपोआप फाटलं, कुणाला काही सुचायच्या आत त्या आत शिरल्या, गोट्याला वळसा घालून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चला घरी," त्या म्हणाल्या. "आपल्या पायानं चला."

ते चालायला लागले. त्या पुढं, हे मागं. गुलालाची ताटं तशीच भरलेली होती, त्यांच्यामधून. डावा पाय ओढत होता, पण पडत होता जमिनीवर. मी मागोमाग निघाले. देवळाच्या आवारातून बाहेर पडायला तीन पायऱ्या आहेत. तिथं भाऊ थांबले. पाय उचलेना. सगळं गाव पाठीमागं बघत होतं.

बाकावर जीव जात असताना न निघालेला आवाज तिथं निघाला, आणि चांगला मोठ्यानं निघाला.

"धर गं जरा."

चतुराबाईंनी वळून त्यांचा हात खांद्यावर घेतला, आणि दोघं पायऱ्या उतरले.