सिग्नल सुटेपर्यंत
मेथीची जुडी सोडली की त्या ओलसर वासाबरोबर मला सोमाटण्याचा सिग्नल आठवतो. कारखान्यातली पाळी संपवून मी सायकलवरून कामशेतला घरी निघालो होतो. नवी पेडल्स हौसेने बसवली होती. बुटाखालची पट्टी त्यांत खटकन अडकायची आणि टाच बाहेर वळवली तरच सुटायची. लाल दिव्याला थांबलो, पण टाच वळवण्याइतकंही त्राण अंगात उरलं नव्हतं. मागे ट्रक गुरगुरत होता, शेजारी भाजीचा टेम्पो उभा होता आणि मी सायकलसकट कलंडायला लागलो. एवढ्यात टेम्पोच्या हौद्यात, न खपलेल्या मेथीपाशी बसलेल्या एका मावशीने माझा दंड पकडला. "पाय टेका की भाऊ!" "अडकलेत मावशी. लय दमलोय." "मंग ऱ्हावा असंच. म्या धरलंय." दिवसभर बाजारात बसून तीही आंबली होती, तरी तिची पकड ढिली झाली नाही. मागचे हॉर्न वाजवत राहिले, मी मात्र डोळे मिटले. सिग्नल सुटला तसं तिने मला हलकेच पुढे ढकललं. आता साधी पेडल्स आहेत, प्रत्येक सिग्नलला पाय नीट टेकतो. पण त्या लाल दिव्याएवढा विसावा पुन्हा कुठे मिळाला नाही.