एक खटका वर

समोरच्या घरातले चाचा पूर्वी कुवेतला गाडी चालवायचे, एवढंच मला ठाऊक आहे. हाक मारली की ते मान वळवत नाहीत, अख्खे वळतात. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

गल्लीतून कुणाचीही गाडी निघाली की चाचा लुंगी सावरत येतात, दार उघडतात आणि सीटवरची डोक्यामागची उशी खटकन वर ओढतात. "कानाच्या वर येऊ दे. मागून कोणी ठोकली तर मान काय हातात धरणार?"

आंब्याच्या पेट्या मावाव्यात म्हणून मी मागच्या दोन्ही उशा काढून पडवीत टाकल्या होत्या. तसंच आईला मागे बसवून जयगडला निघालो, तर चाचा गाडीसमोर उभे. हॉर्न दिला तरी हलेनात. आई वैतागली, "ह्यांना दुसरा काय काम नाय काय?" मी उशा आणून बसवल्या, आईचं डोकं टेकलं, तेव्हा म्हणाले, "हां. आता जावा."

राग यायचा. अजूनही येतो.

परवा त्यांचा जावई त्यांना मुंबईला डॉक्टरकडे न्यायला आला. चाचा पुढे बसले, मांडीवर पिशवी, नजर सरळ. त्यांच्या मागची उशी पार खाली होती. जावयाच्या ते लक्षात आलं नव्हतं आणि चाचांचा हात मागे पोचत नव्हता. मी जाऊन दार उघडलं आणि उशी वर ओढली.

चाचा समोर बघतच म्हणाले, "अजून एक खटका."